दिसलं काय आणि वाटलं काय

आमच्या कॉलेजच्या प्रयोगवह्यांमध्ये सगळी मुलं एकाच वेगानं विसरायची.

बी.ए.च्या मानसशास्त्राला प्रात्यक्षिक असतं हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसतं. एकानं प्रयोगकर्ता व्हायचं आणि दुसऱ्यानं प्रयुक्त, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा तो. विस्मरणाच्या प्रयोगात प्रयुक्ताला 'झपक', 'मुटल' असल्या काहीच अर्थ नसलेल्या शब्दांची यादी पाठ करायला देतात. मग ठरावीक वेळानं त्यातले किती उरले ते बघतात आणि त्याचा आलेख काढतात. खरं तर दोन माणसं सारखी विसरत नाहीत. कोणी चहा पिऊन येईपर्यंत निम्मी यादी सांडतो, कोणाच्या डोक्यात 'मुटल' आठवडाभर ठाण मांडून बसतो. पण माझ्या टेबलावर येणाऱ्या वह्यांच्या गठ्ठ्यात दरवर्षी तोच आलेख, तीच उतरण. प्रयुक्ताचं नाव रमेश, वय एकोणीस. हा रमेश आमच्या विभागात आठ वर्षं एकोणीस वर्षांचा होता.

कारण साधं होतं. प्रयोगवही मोठ्या बहिणीकडून धाकटीकडे, धाकटीकडून मैत्रिणीकडे जायची. प्रयोग होतच नव्हता, नक्कल होत होती. आणि मी सही करत होते, हेही सांगून टाकते. बाहेरचे परीक्षक वह्यांची कव्हरं बघायचे, पानं उलटायचे आणि 'स्वच्छ आहे' म्हणायचे. दिग्रसच्या त्या कॉलेजात मी तीसेक वर्षं शिकवलं. त्यातली पहिली सात-आठ वर्षं मीही स्वच्छतेवरच समाधानी होते.

लेखी पेपरची तऱ्हा वेगळी नव्हती. दीर्घोत्तरी प्रश्न म्हणजे दोन-तीन पानी उत्तर, खरं तर छोटा निबंधच. विषय अवधान असो, प्रेरणा असो की डोळ्यातल्या पडद्याची रचना, पहिलं वाक्य ठरलेलं: 'मानव हा समाजशील प्राणी आहे.' पुढे गाईडातली व्याख्या, मग मुद्दे, शेवटी 'अशा प्रकारे'. उत्तरात माणूस कुठेच नसायचा. माणसाच्या मनाचं शास्त्र शिकणारी मुलं एकाही माणसाकडे न बघता पदवीधर होत होती, आणि त्या पदव्यांना माझाही हातभार होता.

हे मला पहिल्यांदा टोचलं ते आर्णीच्या प्रफुल्लमुळे. प्रफुल्ल सकाळी कॉलेज करायचा आणि दुपारपासून आर्णीत मोबाईल दुरुस्तीचं दुकान सांभाळायचा. मी एकदा वर्गात म्हटलं, गाईड बाजूला ठेवा आणि स्वतःच्या शब्दांत लिहा. तास संपल्यावर तो टेबलाशी आला आणि अगदी सरळपणे म्हणाला, "मॅडम, गाईडात सारं लिहून हाय. त्या लोकायनं अभ्यास करूनच लिहिलं असन ना? मंग मी काहून लिहू?"

प्रश्नात उद्धटपणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. 'परीक्षेसाठी' म्हणावं तर परीक्षेत गाईडालाच मार्क मिळत होते.

दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारलं, बंद पडलेला मोबाईल घेऊन गिऱ्हाईक आलं की तू काय करतोस. तो सांगू लागला. आधी काय झालं ते विचारतो. सगळे एकच सांगतात, मी काहीच केलं नाही, आपोआप बंद पडला. तो मान डोलावतो आणि मोबाईल उघडतो. आत पाणी गेलेलं असतं, किंवा पोरानं आपटलेला असतो. पण मोबाईल छान चालत असला की तेच गिऱ्हाईक म्हणतं, मी लय जपून वापरतो. मी म्हटलं, हेच लिहून आण. त्यानं दीड पान लिहून आणलं. गिऱ्हाईक काय सांगतं आणि मोबाईल काय सांगतो, असा त्याचा रोख होता. चांगलं झालं तर श्रेय आपलं आणि बिघडलं तर दोष बाहेरचा, ही माणसाच्या मनाची खोड पुस्तकात एका जड नावाखाली छापलेली आहे. प्रफुल्लला ते नाव येत नव्हतं, पण ती खोड त्यानं रोज काउंटरवर पाहिलेली होती. मी नाव सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "असं म्हणतेत का याले?" त्याच्या चेहऱ्यावर ओळखीचा माणूस परगावी भेटावा तसा आनंद होता.

तिथून आमचा गुरुवारचा तास सुरू झाला. वेळापत्रकात नसलेला, एस.टी.ची वेळ सांभाळून होणारा निबंधाचा तास. कापूस वेचणीच्या दिवसांत पाच-सहा जणच असायचे. जिनिंगमधून उडालेले कापसाचे तंतू खिडकीच्या जाळीत अडकलेले असायचे आणि आम्ही कागद दुमडत बसायचो.

कागद उभा दुमडायचा ही माझी युक्ती. डाव्या बाजूला लिहायचं 'दिसलं काय', उजव्या बाजूला 'वाटलं काय'. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण मानसशास्त्राचा निबंध बहुतेक वेळा इथेच फसतो. मुलं डावीकडे लिहायची, 'तो रागावला.' मी म्हणायची, राग दिसत नाही, राग तुम्हाला वाटला. दिसलं काय? मग खाडाखोड करून यायचं, 'त्यानं दार आपटलं.' त्यावर मागून कोणीतरी म्हणायचं, दार वाऱ्यानंही आपटलं असेल. मला तेच हवं असायचं. म्हणून कागदाच्या तळाशी तिसरी ओळ आली: 'याशिवाय दुसरं काय कारण असू शकेल?' ती ओळ कोरी ठेवायची नाही, हा माझा नियम होता. व्याख्या पहिल्या वाक्यात नको, जिथे लागेल तिथे आणा. आणि एकदा लिहिलेलं पुन्हा लिहा. हे शेवटचं त्यांना सगळ्यात जड जायचं. बारावीपर्यंत कोणी त्यांना एक गोष्ट दोनदा लिहायला लावलीच नव्हती, शिक्षा म्हणून लावली असेल तेवढीच.

भाषेचाही पेच होता. माझ्या वर्गातल्या किती तरी मुलांच्या घरी बंजाऱ्यांची गोरबोली, काहींच्या घरी कोलामी. बाजारात हिंदी, रस्त्यावर वऱ्हाडी, आणि पुस्तकात 'अध्ययन-संक्रमण'. त्यांना पुस्तकी मराठीत लिही म्हटलं की ती गाईडाकडे वळायची, कारण ती भाषा फक्त तिथेच राहायची. मी सांगितलं, डावी बाजू ज्या बोलीत दिसली त्या बोलीत लिहा. एकदा स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्यानं माझ्या टेबलावरचा कागद उचलून त्यातलं 'मले' आणि 'तुले' मोठ्यानं वाचलं आणि सगळे हसले. मीही थोडी हसले. त्या हसण्याचं मला अजून वाईट वाटतं.

वैशाली आडे याच तासाला आली. तिचा तांडा आर्णी रस्त्यावर फाट्यापासून आत. नावं मी बदलली आहेत, त्याचं कारण पुढे येईलच. तांड्यातून कॉलेजला येणारी ती तिच्या घरातली पहिली मुलगी. खिडकीजवळच्या बाकावर बसायची आणि विचारल्याशिवाय बोलायची नाही. पण लिहायला लागली की हात थांबायचा नाही.

एका गुरुवारी मी 'सवय' हा विषय दिला. पुढच्या गुरुवारी तिनं चार पानं आणली. तांड्यावरच्या एका बाईबद्दल होती. ही बाई रोज दुपारी दोनच्या एस.टी.च्या वेळी काळी छत्री घेऊन फाट्यावर जाते. ऊन असो नसो, छत्री उघडते. गाडी येते, माणसं उतरतात. ती एकेकाच्या चेहऱ्याकडे बघते. गाडी गेल्यावरही बराच वेळ उभी राहते आणि मग सावकाश परत येते. तिचा मुलगा ऊसतोडीच्या टोळीबरोबर पश्चिमेकडे गेला तो तिकडेच राहिला. त्यानं तिकडेच लग्न केलं, हे सगळ्या तांड्याला माहीत आहे. तिलाही सांगितलेलं आहे. तरी ती जाते. डावी बाजू इतकी नेमकी होती की मला ती बाई दिसू लागली. उजव्या बाजूला वैशालीनं लिहिलं होतं, 'नकार'. मनाला न झेपणारं सत्य मन मान्यच करत नाही, त्याला आमच्या शास्त्रात हे नाव आहे. संकल्पना बरोबर जागी, उदाहरण जिवंत, शेवट संयमाचा. इतक्या वर्षांत असा निबंध माझ्या हातात आला नव्हता.

मी तो वर्गात वाचून दाखवला. तिला न विचारता. नाव कुठे नव्हतं, 'एका तांड्यावरची बाई' एवढंच होतं, म्हणून मला काही वावगं वाटलं नाही. वैशाली खाली बघत होती. मला वाटलं, लाजली. बघा, 'खाली बघत होती' हे दिसलेलं आणि 'लाजली' हे मला वाटलेलं. दुसऱ्यांना जे शिकवत होते ते मलाच त्या क्षणी सुचलं नाही.

मागच्या बाकावर उमेश होता, त्याच तांड्याचा. छत्रीपाशीच त्यानं ओळखलं. तो काही वाईट मुलगा नव्हता. रात्री जेवताना त्यानं घरी गमतीनं सांगितलं, आज कॉलेजात धानीकाकीचा धडा शिकवला. सकाळपर्यंत तांडाभर झालं, आणि होता होता त्याचं असं झालं की आडेंच्या पोरीनं आपल्याच काकीला कॉलेजात वेडी ठरवलं आणि मॅडमनं त्यावर शिक्का मारला.

कारण ती बाई वैशालीची सख्खी मोठी काकी होती, एकाच चुलीवर जेवणारी. हे मला ठाऊक नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

पुढचे दोन गुरुवार वैशाली आली नाही. इतर तासांनाही नाही. तिसऱ्या आठवड्यात उमेशच माझ्याकडे आला आणि मान खाली घालून सगळं सांगितलं. वैशालीच्या वडिलांनी तिचं कॉलेज बंद केलं होतं, आणि धानीकाकीचं फाट्यावर जाणंही. लोक हसतात म्हणून. "मी गमतीनं सांगतलं, मॅडम," एवढं तो दोनदा म्हणाला. मी त्याला म्हटलं, चूक तुझी नाही. वाचून मी दाखवलं.

घरी जाऊन निबंध पुन्हा काढला. मी त्याला दहापैकी नऊ दिले होते. कागदाच्या तळाशी 'याशिवाय दुसरं काय कारण असू शकेल?' ही ओळ कोरी होती. एरवी या एका गोष्टीसाठी मी कागद परत करायची. त्या दिवशी आनंदाच्या भरात ती कोरी ओळ मला दिसलीसुद्धा नाही.

रविवारी मी आर्णीची एस.टी. धरली आणि फाट्यावर उतरले. आत चालत जायला पंधरा-वीस मिनिटं लागली. परसरामभाऊ, म्हणजे वैशालीचे वडील, ओट्यावर होते. त्यांनी खाट टाकली, पाणी दिलं, चहा सांगितला. आदरात काही कमी नव्हतं, फक्त माझ्याकडे ते बघत नव्हते. मी आल्या आल्या सांगून टाकलं, निबंध मी विचारल्याशिवाय वाचला, दोष माझा आहे, मुलीचा नाही. त्यांनी आलेला चहा माझ्यापुढे केला. मग म्हणाले, "मॅडम, तुम्ही पोरीले लिहाले शिकवलं, चांगलं केलं. पण घरातलं चव्हाट्यावर मांडाले कायले शिकवलं?"

मी म्हटलं, ते शिकवायचं नव्हतं, पण तसं झालं.

तेवढ्यात आतून एक बाई दारात आल्या. उंच, काटक, कपाळावर गोंदण, हातात निवडायला घेतलेल्या तुरीचं सूप. याच धानीकाकी. वैशालीच्या निबंधातलं वर्णन तंतोतंत होतं. त्या परसरामभाऊंना गोरबोलीत काही बोलल्या आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, माझ्यावर काय लिहिलं ते मला वाचून दाखवा. इथे नाही, मागे.

मागे पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांच्या, कुडाआड थोडी सावली होती. तिथे आम्ही तिघी बसलो. वैशालीला बोलावून घेतलं होतं. ती काकींच्या पलीकडे बसली. निबंध मी पर्समध्ये आणला होता, परत द्यायला. मी तो वैशालीच्या हातात दिला आणि तिनं वाचला. वाचताना अडखळत होती. वर्गात कधी अडखळायची नाही.

काकी सूप मांडीवर ठेवून ऐकत होत्या. मध्येच त्यांनी थांबवलं. "छत्री काळी नोहे, निळी होय. जवळून पाह्य." वैशालीनं कागदावर दुरुस्ती केली. पुढे गाडीतून उतरणाऱ्यांचे चेहरे बघण्याची गोष्ट आली, त्याला त्यांनी मान डोलावली. मग उजवी बाजू आली. 'नकार' म्हणजे काय, असं त्यांनी मला विचारलं. मी जमेल तितकं सोपं करून सांगितलं, की एखादं दुःख सोसत नाही म्हणून मन ते खरं मानतच नाही.

काकी हसल्या. खिजवून नाही, लहान मुलानं चुकीचा पाढा म्हटल्यावर हसतात तसं.

"तो येत नाही, हे मले समजत नाही का? तिकडं त्यानं बायको केली, दोन लेकरं झाले. कायले येईन तो?"

मग रोज का जाता, असं मी विचारलं. त्यांनी आधी कुडावरून ओट्याकडे नजर टाकली. मग आवाज खाली करून सांगू लागल्या. सकाळी डोळा उघडला की पाणी, शेण, भाकरी. मग वावर. वावरातून आलं की कोणाचं लेकरू धरा, कोणाची तूर निवडा, कोणाच्या घरी पाहुणे आले तर हाताखाली जा. घरात विधवा जाऊ असली की तिचे हात सगळ्यांचे असतात. मुलगा गेला त्या वर्षी त्या खरंच वाट बघायला जायच्या. दीड-दोन वर्षांनी आस संपली, पण तोवर एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली होती.

"पोराची वाट पाहणाऱ्या बाईले कोणी काम सांगत नाही, मॅडम. हाक बी मारत नाही. तेवढा टाईम माहा असते."

छत्री उघडून उभं राहायचं. गाडी बघायची. कोण आलं, कोण गेलं, कोणी काय नेसलं ते बघायचं. गाडी गेल्यावर रस्ता मोकळा होतो, तो बघायचा. बस. त्यांना त्यात फार बरं वाटायचं.

पदव्या, पुस्तकं, दोन रकाने, सगळं माझ्याजवळ होतं, आणि रोज चुलीपाशी त्यांच्या शेजारी बसणारी हुशार पुतणीही होती. आम्हा दोघींना जी ओळ भरता आली नाही ती त्यांनी तुरीचं सूप मांडीवर घेऊन भरली.

वैशाली कागदाकडे बघत होती. नंतर तिनं मला सांगितलं, की त्या वेळी तिच्या मनात एकच आलं. ती कॉलेजात येऊ शकत होती, कारण तिच्या वाटणीचं पाणी आणि भाकरी काकी करत होत्या. ज्यांच्या हाका टाळायला काकी फाट्यावर जात, त्यांत तिचीही हाक होती. तिनं पेनाचं टोपण काढलं आणि तळाच्या कोऱ्या ओळीवर लिहायला लागली. काकींनी कागदावर हात ठेवला.

"हे लिहू नको, बेटा. लिहिलं तं माहा टाईम जाईन."

वैशालीनं टोपण लावलं.

आम्ही पुढे ओट्यावर आलो. काकी परसरामभाऊंशी बोलल्या. बोलणं गोरबोलीत होतं, मला वैशालीचं नाव आणि 'याडी', म्हणजे आई, हा शब्द तेवढा कळला. अर्थ मला वैशालीनं पुढे सांगितला. काकी म्हणाल्या होत्या, पोरीनं लिहिलं ते खरं आहे. मी मुलाचीच वाट बघते. आईचं मन आहे, मानत नाही. तिनं काही खोटं लिहिलं नाही, तिला कॉलेजात जाऊ दे. म्हणजे आमचा चुकलेला निष्कर्ष त्यांनी सगळ्यांसमोर स्वतःवर ओढून घेतला. पुतणीचं शिक्षण त्यात वाचत होतं, आणि त्यांची दुपारही.

परसरामभाऊ आता पहिल्यांदा माझ्याकडे वळले. "तुमच्या शास्त्रात काय म्हणते, मॅडम? असं जाऊ द्याव का घरी बसवून ठेवाव?"

ओट्यावर तोवर पाच-सात माणसं जमली होती. सगळी माझ्याकडे बघत होती. काकी सुपातली तूर निवडत होत्या, मान वर न करता. मी म्हटलं, अडवू नका, जाऊ द्या. रोज जाऊ द्या. आणि त्या वेळी मागे कोणाला पाठवू नका, हाकही मारू नका, त्रास होतो. परसरामभाऊंनी हे गंभीरपणे ऐकून घेतलं आणि मान हलवली. माझ्या सगळ्या नोकरीत शास्त्राच्या नावानं कोणाला दिलेला आणि ताबडतोब पाळला गेलेला हा एकच सल्ला. निदान चूक आणि औषध बरोबर, असं पुन्हा कधी घडलं नाही.

सोमवारी वैशाली कॉलेजात आली. बाकावर बसली आणि वही काढली. वर्गात आम्ही दोघींनी त्या विषयाची वाच्यता केली नाही. गुरुवारच्या तासाचे नियम मात्र मी बदलले. कोणाचंही लिखाण त्याला विचारल्याशिवाय वाचायचं नाही, हा पहिला. दुसरा, ज्या माणसावर लिहायचं त्याला आधी विचारायचं, आणि जमलं तर लिहून झाल्यावर वाचून दाखवायचं. मुलांनी विचारलं, नाव बदललं तर चालणार नाही का. मी म्हटलं, नाव बदललं तरी छत्री राहते. त्यांना ते कळलं नाही. उमेशला कळलं, तो खिडकीबाहेर बघत बसला.

या नियमानं निबंध रोडावले, हेही खरं. काहींनी माणसांवर लिहिणंच सोडलं आणि पुन्हा व्याख्यांकडे गेले. काहींनी मात्र घरी जाऊन विचारलं, आणि कधी नव्हे ते आजी-आजोबांशी तासभर बोलून आले. माझ्या पद्धतीनं माझ्या विद्यार्थ्यांना परीक्षेत फार मार्क मिळाले असंही नाही. उत्तरपत्रिका तपासायला आम्ही जमायचो तेव्हा एका परीक्षकानं माझ्यादेखत एका अनोळखी मुलाचं सुंदर, स्वतःच्या उदाहरणाचं उत्तर दहापैकी चारावर आणलं, कारण त्यात 'मुद्दे नव्हते'. मी वाद घातला, त्याचे पाच झाले. एवढीच माझी पोच.

मी निवृत्त झाले. वैशाली आता आर्णीला एका शाळेत शिकवते. ही हकिगत लिहावी असं मनात आलं तेव्हा मी आधी तिला फोन केला. ती म्हणाली, मला काय विचारता, काकीला विचारा. मी लिहिलेला कच्चा खर्डा तिला पाठवला. ती रविवारी तांड्यावर गेली आणि तिनं तो काकींना वाचून दाखवला. काकी आता थकल्या आहेत, फाट्यापर्यंत जाणं होत नाही. ऐकून त्यांनी सांगून पाठवलं, की छापायला हरकत नाही, आता तसंही कोणी काम सांगत नाही. फक्त गाडीची वेळ बदला. तेव्हा वर लिहिलेली दोनची गाडी ही खरी वेळ नव्हे. खरी वेळ मला आणि वैशालीला माहीत आहे, आणि ती तशीच राहील. परसरामभाऊंचं काय, असं मी विचारलं. वैशाली म्हणाली, बाबा बाजूलाच बसले होते. वाचून झाल्यावर उठून स्वतः चहा ठेवायला गेले.

तिच्या शेवटच्या वर्षाच्या पेपरची गोष्ट सांगायची राहिली. 'संरक्षण यंत्रणा सोदाहरण स्पष्ट करा' असा प्रश्न आला होता. मन स्वतःला वाचवायला ज्या युक्त्या करतं त्या, आणि त्यांत पहिलीच 'नकार'. पेपर सुटल्यावर मी व्हरांड्यात उभी होते. मुली घोळक्यानं बाहेर आल्या. मी वैशालीला थांबवलं आणि विचारलं, नकाराला उदाहरण कोणतं दिलंस. ती म्हणाली, गाईडातलं दिलं, सिगारेट ओढणाऱ्या माणसाचं. डॉक्टर सांगतात तरी मला काही होणार नाही म्हणतो, तो.

खरं सांगते, मला राग आला. तीन वर्षं गुरुवारी कागद दुमडले, आणि शेवटी गाईड. मी तिला म्हटलं, स्वतःचं एकही उदाहरण नव्हतं का तुझ्याजवळ?

तिनं हॉलतिकीट नीट घडी घालून पर्समध्ये ठेवलं.

"होतं ना, मॅडम," ती म्हणाली. "पण ते माहं नोहतं."